वीतभर झोळ

भेटलेल्या माणसाला कोणी 'बरं आहे ना' विचारतं, कोणी 'जेवण झालं का' विचारतं. आमचे घरमालक विचारायचे, "झोप झाली का?" सकाळी विचारायचे, भर दुपारी विचारायचे, बाजारात आणि मयतीतही विचारायचे. एकदा आमच्या शाळेची तपासणी करायला एक साहेब आले. जीपमधून उतरून ते मान पुसत होते, तोच चिंचेखालून आवाज आला, "सायेब, झोप झाली का?" तिसरीच्या वर्गात हमखास डुलकी काढणारे म्हणून हे साहेब तालुक्यात प्रसिद्ध होते. त्या दिवशी मात्र त्यांनी तपासणी संपेपर्यंत डोळा मिटला नाही आणि आमची पार दैना झाली.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. आरमोरीच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला असलेल्या एका गावात मी शिक्षिका होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि आता वाचतातही. घरमालकांना सगळे भाऊ म्हणत. त्यांचं खरं नाव मला मतदार यादीचं काम करताना कळलं आणि तेही मी विसरून गेले. वाळका उंच माणूस, कान मोठे, खांद्यावर अंबाडीच्या दोरीचं वेटोळं. बोलताना, ऐकताना, भांडतानासुद्धा ते मांडीवर दोरी वळत असायचे. बायको चार वर्षांपूर्वी तापाने गेलेली, एकुलती मुलगी चिमूरकडे दिलेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात दोन भांडी, आणि बाकी सगळी अंबाडी.

आणि एक बाज. खरं तर ती त्यांच्या घरी फारशी नसायचीच. शिवणीच्या लाकडाची, हातभर उंचीची ती बाज गावात जी बाई बाळंत होईल तिच्या घरी जायची. नेण्याआधी भाऊ जुनी दोरी सोडून नवी विणायचे, तबल्याच्या वादीसारखी ताणून. मग ती बाई त्यावर निजायची आणि दोरी हळूहळू उतरत जायची. दर आठ दिवसांनी, बाळंतीण न्हायला गेली की बाज ओसरीवर काढायची. भाऊ या गात्यापासून त्या गात्यापर्यंत, म्हणजे बाजेच्या एका बाजूच्या दांड्यापासून दुसऱ्या बाजूच्या दांड्यापर्यंत, एक सुतळी ताणून धरायचे आणि मधोमध खाली वीत टेकवून पाहायचे. सुतळीपासून दोरीपर्यंत वीतभर झोळ पडला की बाई उठली तरी चालेल. तोवर तिने पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही. झोळ पडल्याशिवाय बाज त्या घरातून हलायचीही नाही. "जागी दोरी सोडायची नसते अन् दुसऱ्या घरी बी न्यायची नसते," ते म्हणायचे. "तिथली बाई बी मंग जागीच राह्यते."

हा नियम कोणी केला, तर त्यांनीच. आणि लोक तो पाळत, कारण न पाळणाऱ्याच्या ओसरीवर भाऊ येऊन बसत. पाठ घराकडे, तोंड रस्त्याकडे. बाळंतिणीच्या खोलीकडे त्यांनी जन्मात कधी वळून पाहिलं नाही. दिवसभर तिथे दोरी वळत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "या घरची बाई अजून निजली नाई." एवढी बदनामी कोणाला परवडणार? पहिली काही वर्षं बाज त्यांच्याच मोहल्ल्यात फिरली. पुढे गरज पडली तेव्हा बाकीच्या घरांनीही ती मागून नेली आणि बाजेला जात विचारली नाही. मुलीचं लग्न ठरवताना बाप विचारू लागले, तुमच्याकडे बाज येते का?

माझी आणि भाऊंची पहिली गाठ भांडणाची. शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा होता. एका सकाळी मी टोला मारला तर 'धप्' असा आवाज आला. पाहते तो हातोडीला चिंध्या गुंडाळून वर दोरी बांधलेली. शेजारच्या घरात बाळंतीण होती. मी तणतणत त्यांच्याकडे गेले. "शाळा सरकारची आहे भाऊ, घंटा वाजलीच पाहिजे." ते म्हणाले, "वाजून राह्यली ना, बाई. फकत जागवून नाई राह्यली." महिनाभर आमची शाळा धप् करून भरली आणि धप् करून सुटली. पोरं वेळेवर यायची, हे मला त्या रागात कबूल करवलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्याच घरात खोली घेतली, आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मीच बाळंत झाले. खरं तर माहेरी जायचं ठरलं होतं. पण आई आजारी पडली, नवरा नोकरीसाठी बल्लारपूरला, आणि तो निघायच्या आतच वैनगंगेला पूर येऊन रस्ता बंद झाला. गावच्या दाईने माझं बाळंतपण केलं. मुलगा झाला. दाई बाहेर जाऊन म्हणाली, "पोरगं हाये." तेव्हा भाऊंचा प्रश्न मला आतून ऐकू आला, "बाई कशी हाये?" आधी माझी चौकशी करणारे त्या दिवसातले ते पहिले आणि शेवटचे.

त्या दिवसांची आठवण सलग नाही. पाण्याखालून वर पाहावं तसं सगळं हलतं. बाजेखालच्या शेगडीत ओव्याची आणि लसणाच्या सालींची धुरी, कौलांवर संथ पाऊस, बेडकांचा आवाज, दाईचे तेलकट हात, मऊ भात, पातळ वरण. मी निजायचे आणि उठायचे, आणि उठले असं वाटून पुन्हा निजायचे. दुपार होती की संध्याकाळ हे विचारायचीही गरज वाटायची नाही. कधीतरी ओसरीवरून दोरी वळल्याची सळसळ यायची आणि आवाज यायचा, "झोप झाली का?" मी म्हणायचे, "नाही." "मंग निजा." आयुष्यात इतकं सोपं उत्तर देऊन मी कोणाला इतकं खूश केलेलं नाही.

मी बाळंत झाले त्याच्या सहाव्या दिवशी दोन घरं सोडून पारबता बाळंत झाली. वीस वर्षांची पोर, अंगाने काडी. तिला मुलगी झाली. आणि नेमकी रोवणीची घाई होती. पाऊस झाला, बांध्या म्हणजे धानाची खाचरं चिखलली, की पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, उपटून रोवायला गावातली प्रत्येक बाई लागते. नांगर पुरुषाचा, पेंढ्या वाहून न्यायच्या पुरुषांनी, पण वाकून रोप लावायचं ते बाईनेच. पारबताच्या सासूच्या पाच बांध्या राहिल्या होत्या. बाज एक, ती माझ्याखाली. दाई सांगून गेली की पारबताला पाचव्या दिवशी बांधीवर नेणार आहेत.

मला फार वाईट वाटलं. मी सरकारी नोकर, मला पगारी रजा, वर बाजही मीच अडवायची? नवव्या दिवशी दुपारी भाऊ बाहेर गेलेले पाहून मी दाईला सांगून बाज पारबताकडे पाठवून दिली आणि सतरंजीवर पडले. स्वतःच्या चांगुलपणाने मला अगदी भरून आलं होतं.

भाऊ आले, पाठ करून बसले. "झोप झाली का?"

"झाली," मी म्हणाले.

त्यांनी कान दिला. मग म्हणाले, "बाई, आवाज खालून काऊन येऊन राह्यला?"

मी सांगितलं. त्यांनी दोरी खाली ठेवली. त्यांच्या हातात दोरी नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"तुमच्या दोरीत अजून चार बोटं बी झोळ नाई," ते म्हणाले. "तुमी उठल्या, अन् ती बी निजली नसन. बाज काय, लाकूड हाये. लाकडाले कोन भेते?" आणि ते निघून गेले.

पुढचं मला दाईने सांगितलं. दाईला तिखटमीठ लावायची सवय होती, पण या वेळी काही लावायची गरज नव्हती. माझी बाज पारबताच्या अंगणात भिंतीला उभी होती, तिच्यावर ओली पोती वाळत घातलेली. आणि पारबता चौथ्याच दिवशी पदर खोचून, डोक्यावर इरलं घेऊन दारात उभी. भाऊ पाठ करून ओसरीवर बसू लागले तशी तिची सासू कडाडली, "बसू नका इथी! पाच बांध्या राह्यल्या माह्या. पऱ्हे पिवळे पडून राह्यले. गावात एक बाई रिकामी नाई. हिच्या जागी तुमी येता का रोवाले?"

गावात पुरुषाला याहून मोठा टोमणा नाही. भाऊ म्हणाले, "येतो."

"काय?"

"येतो म्हनलं ना. पाची बांध्या होयेपर्यंत येतो. हिले माह्या घरी नेऊन निजवतो. तिथी बाई हाये, दाई हाये."

सासूला आपली सून त्यांच्या घरात जाऊन निजणार हेही पटत नव्हतं, अन् म्हातारा रोवणार हेही. पण पिवळ्या पडणाऱ्या पऱ्ह्यांपुढे तिचा सोवळेपणा तासभरही टिकला नाही. भाऊंनी बाज डोक्यावर घेतली, मागून बाळाला धरून दाई, आणि दाईच्या खांद्याला धरून पारबता, अशी वरात भर पावसात आमच्या दारी आली.

तर आम्ही दोघी एका बाजेवर. माझं डोकं इकडे, तिचं तिकडे. माझे पाय तिच्या कुशीत, तिचे माझ्या. दोन्ही पोरं मध्ये. दोरीला झोळ पडत गेला तशा आम्ही मधोमध घरंगळत जायचो आणि हसायचो, आणि हसलं की अंगभर दुखायचं. पारबता पहिले दोन दिवस सारखी उठून बसायची. "बाई, मी काही काम करू काय?" तिला निजायची लाज वाटायची. तिसऱ्या दिवशी ती जी निजली ती भाताच्या वेळीही उठेना. मी घाबरून तिच्या नाकाशी हात धरला. पोर घोरत होती.

एका दुपारी झोपेतच मी बाळाला जवळ घेऊन पाजलं. मध्येच डोळा उघडला तर ती पारबताची मुलगी, आणि माझा मुलगा तिकडे पारबताच्या अंगाशी लागलेला. पारबताचेही डोळे अर्धे उघडे होते. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. बदलायला उठावं लागलं असतं, म्हणून दोघींनीही डोळे मिटून घेतले.

तिकडे गाव लोटपोट हसत होतं. साठीचा म्हातारा, धोतर वर खोचून, बायांच्या रांगेत वाकून मागे मागे सरकतोय! बायांनी त्यांच्यावर गाणं रचलं. 'नवी सून आली, तिले रोवता येईना', असं काहीसं. त्यांच्या ओळी वाकड्या जायच्या, रोपं तिरपी पडायची, त्यांच्या मागून सासू शिव्या देत ती सरळ करायची. पण ते रोज गेले. संध्याकाळी मांडीपर्यंत चिखल घेऊन ओसरीवर यायचे. पाठ सरळ होत नसे, तरी ती आमच्याकडेच. "झोप झाली का?" आता ते दोघींना मिळून विचारायचे.

एका संध्याकाळी पारबताला राहवलं नाही. "भाऊ, तुमी काऊन करून राह्यले हे आमच्यासाठी?"

त्यांनी रस्त्याकडेच पाहत सांगितलं.

"माही बायको बाळंत झाली तवा रोवणीच व्हती. पाचव्या दिवशी मी तिले आवाज देल्ला. मारलं नाई, रागावलो नाई. फकत म्हनलो, चालते का बांधीवर? ती चालली. त्या दिवशी तिचं अंग खाली उतरलं, अन् मंग कधी वर गेलंच नाई. वीस वर्सं तिले धड बसता आलं नाई, उभं राह्यता आलं नाई. तवाच मेली असती त गावानं मले शिव्या देल्या असत्या. मेली नाई ना. म्हून कोनी काही म्हनलं नाई. तिनं बी नाई."

"अन् बाज?" मी विचारलं.

"तिच्यासाठीच केली. लय उशिरा केली. ती नाई निजली तिच्यावर. म्हने, आता मले सवय राह्यली नाई." ते उठले. "निजा आता."

त्या रात्री पारबताने माझे पाय घट्ट धरून ठेवले होते. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही आली होती, आणि माझ्या खालची दोरी एकाएकी फार मऊ वाटत होती. हे सगळं एकाच वेळी कसं वाटतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पाचही बांध्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पारबताची सासू तिला न्यायला आली. दारात उभी राहून तिने आमच्याकडे, दोन पोरांकडे खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "जरा उठा." आम्ही उठलो. तिने भाऊंच्या खुंटीवरची सुतळी काढली, बाजेवर ताणून धरली आणि खाली आपली वीत टेकवून पाहिली. भाऊ ओसरीवर पाठ करून बसले होते. त्यांची दोरी थांबली.

"अजून दोन बोटं हाये," ती म्हणाली आणि एकटीच परत गेली. पायरी उतरताना भाऊंना ऐकू जाईल असं पुटपुटली, "माह्या वक्ताले नाई आलं कोनी."

त्या साली भाऊंनी रोवलेली बांधी दुरून ओळखू यायची. सगळीकडे धान सरळ ओळीत, आणि तिथे जत्रेतल्या गर्दीसारखं. पण लोंब्या तितक्याच भरल्या.

दोन वर्षांनी माझी बदली चंद्रपूरकडे झाली. दशक संपत आलं होतं तेव्हा एक पोस्टकार्ड आलं. पारबताला लिहिता येत नव्हतं, तिच्या मुलीने मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. 'भाऊ आजारी आहेत. आमची माय म्हणते तुम्ही या.' शाळेच्या परीक्षा होत्या. मी आठ दिवस उशिरा गेले. ते आठ दिवस मला अजून टोचतात.

धानाची कापणी चालू होती. भाऊंच्या ओसरीवर पारबता आणि तिची सासू बसल्या होत्या. मला पाहताच पारबता रडली, मग डोळे पुसून सांगू लागली. महिनाभर तिनेच त्यांचं केलं होतं. गावात त्या दिवसांत कोणी बाळंतीण नव्हती, म्हणून बाज त्यांच्या घरीच होती. ते सतरंजीवर पडून असायचे. तिने स्वतः दोरी वळली, स्वतः बाज विणली आणि त्यांना उचलून तिच्यावर निजवलं.

"पंधरा दिवस व्हते बाजेवर. मी आली का डोये मिटून पडले राहत. मी इचारो, भाऊ, झोप झाली का? म्हनत, झाली. मले बरं वाटे." तिने आत बाजेकडे बोट दाखवलं. "बाई, तुमीच हात ठेवून पाहा."

बाज आत होती. मी मधोमध तळवा दाबला. दोरी नव्या दोरीसारखी ताठ होती, एक बोटभरही उतरली नव्हती. बाजेखाली एक सतरंजी गुंडाळून ठेवली होती, मधोमध झिजलेली.

"मी घरी गेली का उतरून खाली पडे," पारबता म्हणाली. "माह्या पायाचा आवाज आला का वर चढे. आजारी मानूस, बाई! किती डाव उतरला असन अन् किती डाव चढला असन! मरता मरता फसवलं मले म्हाताऱ्यानं."

मला भाऊंच्या बायकोचं ते वाक्य आठवलं. सवय राहिली नाही. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले.

मग सासू दारातून म्हणाली, "रडून झालं असन त आइका. तळ्याजवळच्या घरी सून पोटुशी हाये. आज उद्यात व्हईन. बाज तिथी पाठवा लागते. अन् दोरी जागी हाये."

जागी दोरी सोडायची नाही, दुसऱ्या घरी न्यायची नाही. पारबताने माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढल्या. माझं डोकं इकडे, तिचं तिकडे. आम्ही दोघी आता अंगाने भरलो होतो, बाज कुरकुरली. तिने माझे पाय कुशीत घेतले. बाहेर कुठेतरी धान झोडपल्याचा आवाज येत होता, धप्, धप्, आणि कौलांच्या फटीतून उन्हाची एक रेघ भिंतीवर हळूहळू सरकत होती. आपण कुठल्या साली आहोत हे मला क्षणभर कळेना.

सासू ओसरीवर बसली, पाठ आमच्याकडे, तोंड रस्त्याकडे. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "झोप झाली का?"

"नाई," पारबता म्हणाली.

"मंग निजा."